कंसातलं गाव

१२ सप्टेंबर

आजोबा (हे मी मनात ठेवलेलं नाव) आज पुन्हा झोपले. भर बैठकीत, हनुवटी छातीला टेकवून. समोर त्यांच्या बाजूच्या प्रमुख, माझ्या मनातल्या मास्तरीणबाई, गोदीबद्दल लांबलचक बोलत होत्या आणि आमच्या बाजूचा प्रमुख माणूस घोरायच्या बेतात! मागच्या रांगेत बसून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई बोलता बोलता अडखळल्या. कागद चाळले. मग कोणी काही न विचारताच म्हणाल्या, ‘अर्थात, गोदीच्या पाच वर्षांवर आम्ही अडून बसलेलो नाही.’

आजोबा डोळे मिटूनच म्हणाले, ‘लिहून घ्या.’

म्हणजे झोपले नव्हतेच तर. बैठकीनंतर वकिलाला विचारलं. हा आमच्या बाजूचा कायदेवाला, पोरगेलासा आहे, हुशार आहे, नखं खातो. म्हणाला, ‘समोरचा ऐकत नाही असं वाटलं की माणूस जास्त बोलतो मॅडम. आणि जास्त बोलला की काहीतरी देऊन बसतो.’

बावीस वर्षं कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवतेय. शेवटच्या बाकावर झोपलेल्या पोरांना मी काय काय देऊन बसलेय कोण जाणे.

१३ सप्टेंबर

डोक्यात गुंता झालाय. एकदा सरळ लिहून काढते, म्हणजे निदान मला तरी कळेल मी इथे काय करतेय.

आमचं गाव — बंदर, दीपगृह, मागची टेकडी, चाळीसेक हजार माणसं. एक सरकार ते सोडणार, दुसरं घेणार. सोडणारे लांब समुद्रापलीकडचे. कित्येक पिढ्या राज्य केलं, आता खर्च परवडत नाही. घेणारे शेजारचे. गाव मुळात आमचंच होतं, असं ते म्हणतात. बोलणी तिसऱ्याच देशात, या हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर. टेबलाला दोन बाजू. गावाला बाजूच नाही. सोडणाऱ्यांनी मला ‘स्थानिक सल्लागार’ म्हणून आणलंय. खुर्ची भिंतीला लागून. तोंडाने बोलायचं नाही, सुचलं तर चिठ्ठी पुढे सरकवायची. गावातलं या खोलीत मी सोडून कोणी नाही.

आणि माझा जीव अडकलाय तो कलम अकरात. गावात राहणाऱ्यांनी आपापल्या घरात राहावं, त्यांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी, कोणाची परवानगी न मागता. बस, एवढंच. हे कलम गेलं तर हस्तांतरानंतर प्रत्येकाने दर वर्षी नव्या सरकारकडे अर्ज करायचा. नाही म्हणाले की सामान बांधायचं. बाबा एक्क्याऐंशीचे आहेत. जन्मभर परक्या जहाजांना वाट दाखवून बंदरात आणलं त्यांनी. ते स्वतःच्या घरात राहायला अर्ज करणार नाहीत. आणि दादा-वहिनी त्यांना सोडून जाणार नाहीत. मी तर नाहीच नाही.

१६ सप्टेंबर

कंस! हा प्रकार मला फार आवडलाय. मसुद्यात ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात टाकतात. सगळं पटलं की कंस उडाला. म्हणजे करार लिहायचा नसतो, कंस पुसायचे असतात. पान उघडलं की काटेरी कुंपणंच कुंपणं.

पण खरी गंमत पुढे आहे. ज्याची पर्वाच नाही अशा गोष्टींनाही कंस लावून ठेवतात — नंतर मोठ्या मनाने काढून द्यायला! मास्तरीणबाईंनी दीपगृहाला रंग कोणी द्यायचा याला कंस लावला. दोन दिवस त्यावर घसा कोरडा. आज सुस्कारा सोडून त्यांनी तो काढला, जणू पोटचा गोळा देतायत, आणि बदल्यात अख्खं जकात नाकं घेऊन गेल्या. आमचे लोक एकमेकांना शाबासकी देत होते. मी चिठ्ठी लिहिली, ‘दीपगृहाला रंग लागतच नाही, दगडी आहे.’ आजोबांनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली. कान तेवढे लाल झाले.

१७ सप्टेंबर

बाई खरोखरच पूर्वी शाळेत शिकवत होत्या म्हणे. चष्म्यावरून बघतात तेव्हा मला आपला गृहपाठ राहिलाय असं वाटतं.

२० सप्टेंबर

आज आमच्या बाजूला ऊन. पडदे त्यांच्या माणसाने ओढून उघडले, ‘जरा उजेड येऊ दे’ म्हणत. सकाळभर आमचे सगळे डोळे किलकिले करून बसले. वकील म्हणाला, हे फारच जुनं आहे, आता कोणी करत नाही. मग जेवणानंतर आपणच लवकर जाऊन त्यांच्या बाजूचा हीटर वाढवून आला. मोठी माणसं, देशांचे प्रतिनिधी, आणि धंदे हे. मुलांना पुस्तकातून सार्वभौमत्वाची व्याख्या पाठ करायला लावायचे मी. परत गेले की हीटरचं सांगेन.

२४ सप्टेंबर

नवीन शिकले: बिनमायबापाचा कागद. वर नाव नाही, तारीख नाही, खाली सही नाही. कॉफीच्या यंत्रापाशी कोणीतरी ठेवतं, कोणीतरी उचलतं. आवडला तर पुढच्या बैठकीत तोच मजकूर ‘आम्हाला असं सुचलं’ म्हणून येतो. नाही आवडला तर असा कागद कोणी पाहिलेलाच नसतो. कोणाचं नाक कापलं जात नाही. मी वकिलाला म्हटलं, लग्न जमवताना मधला माणूस हेच करतो की. तो म्हणाला, ‘म्हणून तर मधली माणसं लागतात मॅडम.’

बैठकीत जे बोलतात ते सगळं नंतर दाखवायला. ठरतं ते यंत्रापाशी. मी आता दिवसाला सात-आठ कॉफ्या पिते.

२७ सप्टेंबर

बाबांचा फोन. ‘काय गं, देऊन टाकलंस का आम्हाला?’

म्हटलं, अजून भाव ठरतोय.

‘चांगला घे,’ म्हणाले. ‘माझे दुखरे गुडघे धरू नकोस त्यात.’

मग दादाला फोन दिला. दादा हळूच म्हणाला, बाबांनी स्वयंपाकघराला नवीन दरवाजा बसवायला सुतार बोलावलाय. आत्ता, या वयात! ‘मी म्हटलं थोडं थांबू या. तर म्हणतात, कशाला, ती गेलीय ना बोलायला.’

फोन ठेवला आणि कलम अकरा पुन्हा एकदा वाचून काढलं.

१ ऑक्टोबर

कलम अकरा देऊन टाकायचं आहे.

वकिलाच्या तोंडून निसटलं. मी म्हटलं, अकराचे कंस एवढे दिवस तसेच कसे? तर नखं खात म्हणाला, ‘ते शेवटी कामाला येईल मॅडम. आपल्याला गोदीत जहाजं लावायला अजून वीस वर्षं हवीत. अकरा सोडलं की ते वीस देतील.’ मग माझ्याकडे बघितलं आणि पांढरा पडला.

सगळं लख्ख दिसलं. अकरा म्हणजे आमच्या बाजूचं दीपगृह. मुद्दाम घट्ट धरलंय, सोडताना जड वाटावं म्हणून. आणि मी? ‘बघा, गावची बाई आणून बसवलीय, म्हणजे ह्यांचा अकरावर खरंच जीव आहे’ — हे दिसावं म्हणून मी. इतके दिवस गंमत बघत बसले होते, आणि त्या गमतीतली एक सोंगटी मीच. राग आला. जेवायला गेलेच नाही.

२ ऑक्टोबर

आजोबांना हॉटेलमागच्या बागेत गाठलं. सकाळी एकटेच फेऱ्या मारतात. म्हटलं, ‘सर, अकरा विकणार आहात ना?’

थांबले. नाही म्हणाले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे. म्हणाले, ‘राजधानीने माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्यात, गोदी आणि अकरा, आणि एकीचेच पैसे दिलेत.’

‘चाळीस हजार माणसं आहेत ती.’

‘माहीत आहे. समोरची बाई ते फुकट देणार नाही, हेही माहीत आहे. तिला कशाची तरी भीती आहे. ती काय आहे ते मला कळलं असतं तर मी काहीतरी केलं असतं.’

‘मी शोधून काढते,’ मी म्हटलं. एवढं कुठून आलं तोंडातून, कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. म्हणाले, ‘आठवडाभर मी अकराचा विषय काढू देत नाही. झोपतो.’

३ ऑक्टोबर

खरंच झोपले. घोरलेसुद्धा.

५ ऑक्टोबर

सापडलं बहुतेक!

कालपासून मी गोदी, जकात, काही ऐकत नाही. फक्त मास्तरीणबाई कशावर प्रश्न विचारतात तेवढं लिहिते. वर्गातली सवय — पोरगं कुठे अडतंय ते त्याच्या प्रश्नावरून कळतं. तर पाण्याच्या टाक्यांबद्दल बोलणं चाललं होतं आणि बाई मध्येच, ‘गावचे किती लोक बाहेर राहतात?’ दुपारी शाळांवरून पुन्हा तेच, दुसऱ्या शब्दांत. आज तिसऱ्यांदा. घोडं तिथे पेंड खातंय!

गावात आहेत चाळीस हजार. पण दोन पिढ्यांत नोकरीधंद्याला बाहेर पडलेले त्याहून जास्त असतील. अकराव्या कलमात ‘गावचे रहिवासी’ म्हटलंय. उद्या हे सगळे परत येऊन आम्हीही गावचेच म्हणाले तर? त्यांच्या सरकारला तेच नकोय. आहेत त्यांची भीती नाही बाईंना. येतील त्यांची आहे.

आजोबांना सांगितलं. म्हणाले, ‘मग कोण गावचं, कोण नाही, ही रेघ कुठे मारायची?’

८ ऑक्टोबर

रेघ मी मारली.

मागची कुठलीही तारीख घेतली की दाखले आले, खोटे दाखले आले, भांडणं आली. पुढची जाहीर तारीख घेतली तर त्या दिवशी गावात जत्रा भरेल. म्हणून — सहीचा दिवस. त्या दिवशी जो आपल्या घरात आहे तो रहिवासी. दोन्ही बाजूंची माणसं मिळून त्याच सकाळी घरोघर गणती करतील आणि ती तारीख दोन्ही प्रमुखांखेरीज कोणाला आधी कळणार नाही. फेरीबोटी त्या दिवशी बंद. कामधंद्याला बाहेर असलेले बाहेर. वाद नाही, दाखले नाहीत.

वकील आ वासून बघत होता. ‘मॅडम, हे कुठे शिकलात?’ म्हटलं, अचानक हजेरी घेणं. बावीस वर्षं तेच करतेय.

बिनमायबापाचा कागद मीच लिहिला, यंत्रापाशी मीच ठेवला, आणि बिस्किटं निवडायचं नाटक करत उभी राहिले. मास्तरीणबाई आल्या. कॉफी घेतली. गेल्या. बघते तर कागद नाही!

९ ऑक्टोबर

काही नाही. बाईंच्या चेहऱ्यावर मुंगीएवढंही काही नाही.

१० ऑक्टोबर

‘आम्हाला अकराव्या कलमाबद्दल असं सुचलं आहे,’ बाई म्हणाल्या आणि माझीच वाक्यं वाचून दाखवली. फक्त एक शब्द बदलला होता, आणि खरं सांगायचं तर तो जास्त बरा होता.

आजोबांनी डोळे उघडले.

१५ ऑक्टोबर

आता अपवादांवर रस्सीखेच. समुद्रावर गेलेले मच्छीमार — ते त्या सकाळी घरात कसे असतील? मी चिठ्ठी दिली, मान्य झालं. मग दवाखान्यात भरती असलेले. मान्य. मग बाहेर शिकायला गेलेली मुलं. यावर तीन दिवस घासाघीस, बाई काही केल्या हलेनात. शेवटी आजोबांनी गोदीची वीस वर्षं बारावर आणली. मुलांसाठी! राजधानीहून फोनवर जे काही झालं त्याचा आवाज दाराबाहेर येत होता. बाहेर आले तेव्हा म्हणाले, ‘मी म्हातारा आहे, मला ऐकू कमी येतं, असं सांगितलं त्यांना.’

या माणसाला मी सोंगाड्या म्हणत होते. चुकले.

बाईंनी मुलं दिली ती एका अटीवर. तीन अपवाद आणि तिथे दार बंद. ‘चौथा मागितलात तर हे तिन्ही पुन्हा कंसात जातील. आणि त्यांच्याबरोबर अकरा.’ त्या धमकी देत नाहीत, नियम सांगतात. आजोबा हो म्हणाले.

१८ ऑक्टोबर

वहिनीला फोनवर सगळं सांगितलं. पेपरात आलंच आहे, फक्त दिवस नाही; बाहेरचे नोकऱ्या सोडून किती दिवस येऊन बसणार? ती खूष, पण मग म्हणाली, ‘अगं, आणि तुमचा आतेभाऊ? आणि शेजारची ती, जहाजावर नर्स आहे ती? त्यांची घरं आहेत की इथे.’

म्हटलं, ‘वहिनी, सगळ्यांना नाही धरता येत. बाहेर गेलेल्यांनी आता बाहेरचं बघावं. ते तिकडे स्थिरावलेत.’

ती ‘बरं’ म्हणाली आणि गॅस बघायला गेली. वहिनीचं ‘बरं’ मला चांगलं कळतं. पण मी तरी काय करू? काहीतरी दिल्याशिवाय इथे काही मिळत नाही, हे तिला कोण समजावणार. आतेभाऊ तसाही सणासुदीपुरता येतो आणि जाताना घराला नावं ठेवतो.

तरी झोप लागायला वेळ लागला.

२४ ऑक्टोबर

आज एकेक कलम शेवटचं वाचलं. अकराशी आल्यावर मास्तरीणबाई थांबल्या. चष्म्यावरून थेट भिंतीकडे बघितलं — म्हणजे माझ्याकडे. साऱ्या बैठकींत कधी बघितलं नव्हतं.

‘तुम्हाला हे असंच मान्य आहे? नक्की?’

आख्खं टेबल वळलं. आजोबांनी बोलायची खूण केली. मी उभी राहिले. वर्गात उभं राहणं वेगळं आणि हे वेगळं. म्हटलं, ‘नक्की.’

बाई आणखी थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि अकराचे दोन्ही कंस खोडले. गावाला या टेबलावर कोणी काही विचारलं असेल तर ते एवढंच, आणि उत्तर द्यायला मी होते. संध्याकाळी खोलीत येऊन चक्क रडले. आनंदाने. असं रडू कधी आलं होतं आठवत नाही.

२५ ऑक्टोबर

बाबांना म्हटलं, आता कधीही सही होईल, दिवस मलाही माहीत नाही, तेव्हा घराबाहेर पडू नका. तर म्हणाले, ‘मी गेली चार वर्षं कुठे पडतोय?’ मग म्हणाले, ‘दरवाजा बसला. घट्ट होतोय जरा. आलीस की बघ.’

२ नोव्हेंबर

वाट बघणं. सगळे मसुदे संपले, कंस संपले. वकील पत्ते घेऊन आला. गंमत म्हणजे त्याला थापच मारता येत नाही, प्रत्येक डाव हरतो. त्यांच्या बाजूचा पडदेवाला येऊन बसला आणि त्याला शिकवायला लागला.

मी विचारलं, तुम्ही लोक आता काय करणार? वकील म्हणाला, दुसरं टेबल. पडदेवाला म्हणाला, घरी, आईकडे. मला विचारलं तर म्हटलं, परीक्षेचे पेपर तपासायचे साठलेत, ते तपासायचे. दोघं हसले.

६ नोव्हेंबर

आज सही! न्याहारीच्या टेबलावर कळलं. सकाळी अकरा वाजता.

खोलीत येऊन साडी बदलत होते तेवढ्यात वहिनीचा फोन. ‘आले होते गं. दोघं, एक त्यांचा, एक इथला. बाबांचं नाव लिहिलं, ह्यांचं, माझं, पोराचं. तुझंही सांगितलं मी, ही बघा तिची खोली, ही पुस्तकं. तर म्हणाले, आज घरात आहेत का? मी म्हटलं, अहो ती तिकडे तुमच्या त्या बैठकीलाच गेलीय. म्हणाले, म्हणजे कामाला बाहेर. आणि गेले की पुढच्या घरी. आता तू सांग ना तिथे कोणाला तरी. तुझं ऐकतात ना ते?’

म्हटलं, बघते.

दहा चाळीस. सहीच्या खोलीबाहेर आजोबा माझ्या समोरच्या खुर्चीत बसून टाय बांधतायत. एक शब्द बोलले तर ते उठून आत जातील आणि चौथा अपवाद मागतील, माझी खात्री आहे. मग मच्छीमार, दवाखान्यातली माणसं, मुलं आणि बाबा, सगळे पुन्हा कंसात.

‘गाठ बरी दिसतेय का?’ त्यांनी विचारलं.

म्हटलं, ‘गाठ जरा डावीकडे घ्या, सर.’